मापात पाप

हेल्वीने टालिनहून आणलेलं कापड
माझ्या टेबलावर ठेवलं नाही, ओतलं.
गडद हिरवं, विणीचं, ताणलं तर हातभर, सोडलं तर वीतभर,
आणि अंगभर टिकल्या, माशाच्या खवल्यांसारख्या दाट.
"सव्वा मीटरच आहे," ती म्हणाली, "जपून बेत.
आणि अंगासरसं हवं. ढगळ कपडे
टपाल खात्याने एकतीस वर्षं पुरवले."

मी माप घेतलं. छाती, कंबर, पाठीची उंची.
खांदा एकच मोजला.
दुसरा तसाच असणार असं धरायची माझी सवय.

असल्या कापडाचं गणित उरफाटं.
टॉप बाईपेक्षा चार बोटं लहान कापायचा,
मग तो ताणून ताणून तिच्याएवढा होतो.
माझ्या धंद्यात मापात पाप
एवढं एकच चालतं.

हात फिरवून बघायचा: वरून खाली मांजर,
खालून वर करवत.
म्हणजे सगळे तुकडे एकाच दिशेला, डोकं वर.
शिवणीच्या जागेतल्या टिकल्या आधी काढायच्या,
नाहीतर सुया मोडतात. मी तीन मोडल्या,
मग शहाणी झाले.
एक दोरा ओढला की रांगच्या रांग सुटते,
बालवाडी सुटावी तशी,
आणि प्रत्येक टोकाला गाठ मारत बसावं लागतं.

जूनमध्ये आमच्या इसाल्मीत रात्र होत नाही.
अकरा वाजता खिडकीशी बसले, दिवा न लावता,
एकला तिथेच होते.
आता पुरे, असं सांगायला अंधारच नव्हता.

टिकल्या घरभर गेल्या. सौनाच्या बाकावर,
कुत्र्याच्या कानात.
ताइस्तोला लापशीत एक सापडली.
त्याने ती बशीच्या काठावर ठेवली
आणि खात राहिला. छत्तीस वर्षांचा संसार.

पहिल्या फिटिंगला हेल्वी आरशासमोर उभी राहिली
आणि डाव्या खांद्यापासून छातीवर
एक घडी पडली, तिरकी,
जंगलातल्या कच्च्या रस्त्यासारखी.
साध्या सुताने पोटात घातलं असतं.
टिकल्या चहाडखोर.
जिथे वाकतात तिथे उजेड पाडतात.

दीड सेंटिमीटर. तेवढा तो खांदा उतरलेला,
जिथे पिशवीचा पट्टा असायचा.
लग्नाच्या पत्रिका, विजेची बिलं, काळ्या काठाची पाकिटं,
बर्फातून, चिखलातून, डासांतून,
आणि मला त्यातलं फक्त
माझ्या दारात पडलेलं ठाऊक.

"पॅड घालू?" मी विचारलं. "दोन्ही सारखे दिसतील."
ती बराच वेळ आरशात बघत राहिली.
"कुणासारखे?"

मी उसवलं. विणीचं कापड उसवताना
श्वास धरावा लागतो,
एक फंदा निसटला तर तो पार हेमपर्यंत
जिना उतरत जातो.
डावा मुंढा वेगळा बेतला, खांदा दीड सेंटिमीटर उतरता,
आणि कागदावर पेन्सिलीने लिहिलं: हेल्वी, डावा.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे
एका बाईचे दोन खांदे झाले.

शनिवारी तळ्याकाठच्या नाचमंडपात
बाया एका भिंतीशी, पुरुष दुसऱ्या,
मध्ये रिकामी फळ्यांची जमीन.
अकॉर्डियनवाल्याने पाटी फिरवली:
आता बायकांनी विचारायचं.
सगळ्या जरा घुटमळल्या. मीही.
हेल्वी निघाली, डावा खांदा खाली, पाऊल मोजून,
जणू एकच पत्र उरलंय
आणि पत्ता तिला पाठ आहे.
कोण होता तो, मला दिसलं नाही.
मी घडी शोधत होते. नव्हती.

सोमवारी ती मासे घेऊन आली, शिलाईचे पैसे
आणि वर दोन मोठे पर्च.
मी आधी कामाचं विचारलं:
काखेतली शिवण टिकली का?
तिने केसांतून एक हिरवा ठिपका काढून
माझ्या तळहातावर ठेवला.
"टिकली."